आम्ही मिसरात होतो तेव्हा

शनिवारी आवासकरकाका कुणाला काही सांगत नसत. ते फक्त वर्णन करत.

शुक्रवारचा सूर्य माळापलीकडं बुडाला, की त्यांच्या लेखी जगातली सगळी कामं संपत. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत ते चूल पेटवत नसत, कंदील लावत नसत, काडेपेटीला हातसुद्धा लावत नसत. बरं, दुसऱ्याला 'लाव' म्हणून सांगायचीही सोय नव्हती. देवानं आज्ञाच अशी दिलेली, की आपण विसावा घ्यायचा आणि गडीमाणसाला, बैलाला, दारातल्या परक्यालाही घेऊ द्यायचा. पण काका बसायचे भिंतीपलीकडं, आणि ती भिंत होती पत्र्याची.

"अंधार पडला बुवा," पलीकडून आवाज यायचा.

आमची मंडळी हातातलं काम टाकून उठायची आणि त्यांचा कंदील लावून यायची. थोड्या वेळानं पुन्हा, "चहाला काय वास सुटतो नाही, कदमांच्या घरी!" की निघाला कप. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, हे सांगणंच झालं की!" तर म्हणाले, "सांगायला बंदी आहे, कदम. वर्णनाला नाही."

एका शनिवारी दुपारी मी रात्रपाळी करून जरा आडवा झालो होतो. पलीकडून शांत आवाजात वर्णन सुरू झालं. "रंग काळा आहे. नांगी वर केलेली आहे. माझ्या अंगठ्याच्या बाजूनं येतोय." मी चप्पल घेऊन धावलो आणि विंचू मारला. घाम पुसत विचारलं, "जिवावर बेतलं तरी मारायचं नाही, अशी आज्ञा आहे का?" काका म्हणाले, "छे छे, जिवावर बेतलं तर सगळं माफ आहे. पण अजून बेतलेलं नव्हतं."

तेव्हा पिंपरीला नवनवे कारखाने उभे राहत होते आणि माणसं चारी दिशांनी येऊन पडत होती. रुळांच्या पलीकडं सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा कॅम्प होता, अलीकडं एका शेतकऱ्यानं ज्वारीचं रान मोडून बांधलेली आमची पत्र्याची चाळ. मी साताऱ्याकडचा. काका अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात त्यांच्या वाडवडिलांना शनवार तेली म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. घाणा केव्हाच गेला, शनिवार तेवढा राहिला. बायको वारलेली, लेक लग्न होऊन खडकीला. काका एकटेच राहत. अंगात धुवट पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी, आणि दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली. येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. आत देवाची वचनं गुंडाळून ठेवलेली असत.

आमच्या कंपनीत ते टूलरूम सांभाळत. कामगारानं आपला पितळी बिल्ला खिडकीतून द्यायचा, काकांनी तो खिळ्याला टांगून पाना द्यायचा. "करार म्हणजे करार," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांच्याच खुर्चीचा स्क्रू ढिला झाला. काका उठले, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेले, आपला बिल्ला आत ठेवला, दारातून आत येऊन तो खिळ्याला टांगला, स्वतःला स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि मगच खुर्ची दुरुस्त केली. मी हसलो तर म्हणाले, "पाळणाऱ्याला कुणी बघत नसतं, तेव्हाच कायदा लागतो." शनिवारच्या सुट्टीबद्दलही त्यांचा साहेबाशी करार होता. त्या बदल्यात दर रविवारी ओसाड कारखान्यात ते एकटे बसून हत्यारांना तेल लावत.

पण काकांची खरी ख्याती होती ती मिसरमुळं.

"आम्ही मिसरात होतो तेव्हा," अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू होत. नळाला पाणी आलं नाही, की "आम्ही मिसरात होतो तेव्हा नदीचं रक्त झालं होतं, हे तर काहीच नाही." मुकादम कुणावर खेकसला, की "आम्ही मिसरात होतो तेव्हा असलेच मुकादम होते." चाळीतल्या लोकांना वाटे, म्हातारा लढाईच्या काळात परदेशात नोकरीला असणार. खुद्द पिरॅमिडांचा मिसर देश पाहिलेला माणूस चाळीत एकच होता, तो म्हणजे बाजाबा हवालदार. महाळुंग्याचा गडी, पलटणीतून पेन्शनीत आलेला आणि आता कंपनीच्या गेटवर दरवान. चाळीत आमच्या समोरच्या अंगाला त्याचं बिऱ्हाड होतं. त्यानं एका संध्याकाळी काकांना अंगणात गाठलं.

"काका, मिसरात आमी बी व्हतो. तुमी कंच्या छावनीत व्हता?"

"छावणी कसली रे! विटा थापत होतो."

"आस्सं. म्हंजी लेबर कंपनी. पगार काय द्यायचे?"

"पगार? चाबूक."

"आन् सायब कोन व्हता?"

"फारो."

हवालदारानं मान डोलावली. "नाव ऐकल्यालं न्हाई. पर इंग्रज लई नमुन्याचे व्हते. मंग सुटला कसं?"

"रातोरात निघालो. कणीक फुगायलासुद्धा वेळ नव्हता. तशीच पाठीला बांधली आणि चालते झालो. मागं फारोची फौज, पुढं समुद्र!"

हवालदाराचा चेहरा पडला. रातोरात निघाले, मागं फौज लागली. म्हणजे म्हातारा पलटणीतून पळून आला होता! जन्मभर सरकारची चाकरी इमानानं केलेल्या माणसाला हे जड गेलं. पण शेजारधर्म मोठा. त्यानं कुणाजवळ ब्र काढला नाही. पुढं कितीतरी महिने, चाळीत पोलीस दिसला की हवालदार काकांच्या दारापुढं येऊन उभा राही आणि मोठ्यानं खाकरे. काकांना वाटे, त्याला दमा आहे. ते त्याला खडीसाखर देत.

शेवटी त्यानं मला विश्वासात घेतलं, तेव्हा माझी हसून पुरेवाट झाली. मी सांगितलं, "अहो हवालदार, ती हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्यांचे पूर्वज तिथं फारो राजाचे गुलाम होते, देवानं मोशे नावाच्या पुढाऱ्याकरवी त्यांना सोडवलं."

"मंग 'आमी व्हतो' कशापायी म्हंत्यात?"

ते मलाही माहीत नव्हतं. दोघं मिळून काकांकडं गेलो. काका गंभीर झाले. "तशी शिकवणच आहे," ते म्हणाले. "पूर्वज सुटले असं म्हणायचं नाही. मी सुटलो म्हणायचं. प्रत्येक पिढीनं, प्रत्येक माणसानं."

हवालदारानं क्षणभर विचार केला. "बराबर हाय. आमी न्हाई का म्हनत, पानिपतात आमचं लई हाल झालं म्हून?" आणि काकांची लष्करी गुन्ह्यातून निर्दोष सुटका झाली.

या दोघांचा पुढं एक करार झाला, तोही सांगितला पाहिजे. काकांनी दारात सब्जा लावला होता. शनिवार सरताना त्याची पानं हुंगून ते देवाचे आभार मानत. हवालदाराच्या बकरीला त्या धर्मविधीची कल्पना नसल्यामुळं तिनं सब्जा बुडख्यापर्यंत खाल्ला. शब्दाला शब्द वाढला. मग काकांनीच तोड काढली. त्यांच्या धर्मग्रंथातल्या याकोबानं आणि त्याच्या सासऱ्यानं भांडण मिटवताना दगड उभा करून त्याला साक्षी ठेवलं होतं आणि त्याच्याजवळ बसून दोघं जेवले होते. काकांनी ओढ्यातून एक लांबोडा दगड आणवला आणि दोन्ही बिऱ्हाडांच्या मधोमध पुरला.

"हा दगड साक्षी," काका म्हणाले. "वाईट हेतूनं मी हा ओलांडणार नाही, तूही ओलांडायचा नाही."

"मी न्हाई वलांडत. पर बकरीला हेतू कुटं कळतुया?"

"बकरी तुझ्या घरातली आहे. करार तिलाही लागू."

दोघांनी दगडाजवळ बसून भाकरी-चटणी खाल्ली आणि समेट झाला. आश्चर्य म्हणजे बकरी खरोखरच तो दगड ओलांडेना. हवालदारीणबाईंनी हे चार दिवस बघितलं. ज्याच्यापुढं दोन पुरुषांनी शपथ घेतली आणि ज्याला मुकं जनावर मानतं, तो साधा दगड कसा असेल? मंगळवारी सकाळी काका तोंड धुवायला बाहेर आले, तर करारावर शेंदूर! पुढं नारळ, लिंबू आणि उदबत्तीचा धूर.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मूर्ती करायची नाही, तिच्यापुढं वाकायचं नाही, ही दुसरीच आज्ञा, आणि ती मोडायला दगड आणला कुणी? तर त्यांनीच! पहार आणायला निघाले, तेवढ्यात समोरच्या खोलीतली एक बाई तापातून उठलेलं तिचं पोर घेऊन आली आणि त्याचं डोकं दगडावर टेकवलं. काका पहार न घेताच परत फिरले.

"आमच्यात हे असंच झालं होतं," माझ्या ओट्यावर बसत ते म्हणाले. "मोशे डोंगरावर गेला आणि इकडं लोकांनी सोन्याचं वासरू करून ठेवलं. त्यानं निदान रागानं देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या तरी आपटल्या. मी काय आपटू?"

हवालदार समजूत घालायला आला. "काका, पूजा केली की करार पक्का व्हतो. तुमी जीवाला लावून घिऊ नगा." त्या दिवसापासून काका नळावर जायला चाळीला वळसा घालू लागले. दगड त्यांनी काढला नाही, पण त्याच्याकडं बघितलंही नाही.

आता हसणं पुरे. पुढचं सांगताना मला कधीच हसू आलेलं नाही.

मिसरातून सुटल्याचा त्यांचा सण बहुधा चैत्री पुनवेच्या सुमारास येई. त्या आधी काका मेणबत्ती आणि कोंबडीचं पीस घेऊन खोलीचा कानाकोपरा झाडत. आंबवलेल्या पिठाचा कणही घरात राहता कामा नये. पाव, बिस्किटं, जे काही सापडेल ते बाहेर. चाळीतली पोरं ओंजळी पसरून दारात उभीच असत. मग संध्याकाळी खडकीहून लेक, जावई आणि नात येत. नात रिबका, दोन वेण्यांची, पुढचे दात पडलेली. पांढऱ्याशुभ्र चादरीवर न फुगवलेली बेखमीर भाकरी, कडू पाला, खजुराचा गोड रस, मनुकांचं सरबत मांडलेलं असे. आम्ही सगळे दारातून बघत असू. कारण मुख्य कार्यक्रम पुढंच होता.

रिबका पाटावर ताठ बसून विचारायची, "आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?" आधी त्यांच्या धर्मभाषेत, मग मराठीत. आणि काका खुलायचे. विटा, चाबूक, बेडकांचा सुळसुळाट, दुभंगलेला समुद्र. बेडूक आले की ते स्वतः उडी मारून दाखवायचे. जावई कंटाळून जांभया द्यायचा, पण रिबका डोळे मोठे करून ऐकायची.

"घरातल्या सगळ्यात धाकट्यानं विचारायचं आणि मोठ्यानं सांगायचं," काका मला म्हणाले होते. "न विचारता सांगितली तर ती नुसती गोष्ट. लेकरानं विचारल्यावर सांगितली, की करार पुढं चालला."

मग जावयाच्या मनानं घेतलं. त्यांच्या लोकांचा इस्रायल हा नवा देश झाला होता. पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं निघाली होती, लेक, जावई आणि नातही निघाली. काकांनाही चला म्हणाली. काका नाही म्हणाले. चाळीला नवल वाटलं. हवालदारानं तर तोंडावरच विचारलं, "काका, समदा जलम आमी निघालो, आमी निघालो म्हंताय. आन् आता खरंच निघायची येळ आली, तर बसून ऱ्हायला व्हय?"

"मोशेनंही तो देश डोंगरावरूनच बघितला होता, आत पाऊल नाही ठेवलं," काका म्हणाले आणि विषय मिटवला.

मुंबईला लेक-जावयाला निरोप द्यायला मी काकांबरोबर गेलो होतो. परतताना गाडीनं कर्जत सोडलं. मग घाट लागला आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं रिबका शाळेत जाईल. वर्षभरात तिथली भाषा घडाघडा बोलायला लागेल. मला त्या भाषेत प्रार्थना येतात, कदम. पण बेडूक येत नाहीत. ती विचारील आणि मला सांगता येणार नाही. तिच्यासमोर मुकं बसण्यापेक्षा इथं बसलेलं बरं."

मी म्हटलं, "काका, पण इथं विचारणार कोण?" बोलून गेलो आणि जीभ चावली.

पुढच्या वर्षी सण आला. पुण्याच्या त्यांच्या मंडळींनी जेवायला बोलावलं होतं, काका गेले नाहीत. म्हणाले, "तिथं प्रत्येकाचं लेकरू प्रत्येकाच्या आजोबाला विचारणार. मी मधे बसून काय करू?" आणि नेमकी त्याच दिवशी महाळुंग्याची जत्रा. हवालदारानं ट्रक ठरवला आणि अख्खी चाळ त्यात चढली. आमची मंडळी पोरांना घेऊन गेली. कंपनीत माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी मागं राहिलो. काकांना कुणी विचारलंच नाही, कारण त्यांचा सण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवस मावळला. मी पिठलं-भाकरी खाऊन पाय उशीवर टाकून पडलो होतो. चाळीत असा शुकशुकाट मी कधी ऐकला नव्हता. भिंतीपलीकडं भांडी मांडल्याचा आवाज आला, मग काकांची प्रार्थना. आणि मग एका लहान मुलीचा आवाज आला.

"आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आजोबा?"

मी उठून बसलो. रिबका आली? कधी आली? आनंदानं हाक मारणार, एवढ्यात काकांचा नेहमीचा आवाज आला, "आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो..." तो तिथंच थांबला. खाकरल्याचा आवाज झाला. आणि पुन्हा तो बारीक आवाज, या वेळी जरा चिरकलेला, "आजोबा, आजची रात्र..." मग मला कळलं. काका स्वतःच विचारत होते, स्वतःच सांगत होते. विचारणारं कुणी नसलं तर माणसानं स्वतःलाच विचारावं, असंही त्यांच्या कायद्यात आहे, हे मला नंतर समजलं. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं, की तो म्हातारा त्या पहिल्या वाक्याच्या पुढं जाऊ शकत नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी मुलीचा आवाज काढायला घेतला, तेव्हा मी भिंत धरून उठलो.

दाराचा अडसर काठीसारखा टेकत मी लंगडत बाहेर पडलो. काकांचं दार उघडंच होतं. त्या रात्री एलिया संदेष्टा येईल म्हणून ते दार उघडत. आत पांढरी चादर, तिच्यावर सगळं मांडलेलं आणि समोर एक रिकामा पाट.

"कदम? पाय दुखतोय का? काही हवंय?"

म्हणालो, "भूक लागलीय."

काकांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या पिठल्याचा वास त्यांच्यापर्यंत नक्की गेला असणार. पण ते उठले आणि मला हाताला धरून आत घेतलं. "आज कुणीही भुकेला आला तर त्यानं जेवावं," ते म्हणाले. "तसंच म्हणायचं असतं." मी त्या पाटावर बसलो, दुखरा पाय लांब करून. त्यांनी माझ्या पेल्यात सरबत ओतलं.

"काका," मी म्हटलं, "आजची रात्र वेगळी का?"

"ते धाकट्यानं विचारायचं असतं."

"चाळीत आत्ता आपण दोघंच आहोत. मीच धाकटा."

मग त्यांनी टोपी नीट केली, मांडी सावरली आणि सुरुवात केली. विटा आल्या, चाबूक आला. बेडकांपाशी ते उठले आणि म्हाताऱ्या गुडघ्यांनिशी खरोखर उडी मारली, मी हसलो. पण थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, की ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या छातीच्या जरा खाली, लहान मुलीचा चेहरा जिथं यावा तिथं त्यांची नजर होती. शब्द सोपे, सावकाश, एकेक सुटा करून ते सांगत होते. कणीक पाठीला बांधून सगळे अंधारात निघाले, इथपर्यंत आल्यावर ते पुढं वाकले.

"समजलं ना, बाय?" त्यांनी विचारलं.

मी मिशीवाला, दोन पोरांचा बाप, पाय सुजलेला.

"समजलं, आजोबा," मी म्हणालो. "मग पुढं?"